बगळ्याचा पाठ

रानबदकाची मान मुरगळायला फार जोर लागत नाही. अंगठा कवटीच्या मागे दाबायचा, बोटं चोचीखाली घालायची आणि एकच झटका द्यायचा. त्या सकाळी माझ्या जाळ्यात अकरा अडया सापडल्या होत्या. अडई म्हणजे शीळ घालणारं तपकिरी रानबदक. आठ मारून पोत्यात टाकल्या होत्या, नववी हातात होती आणि तिचे पंख माझ्या मनगटावर आपटत होते, तेवढ्यात मागे चिखलात पावलं वाजली. वळून बघितलं तर माझा धाकटा भाऊ आशेर उभा होता. धुतलेला सदरा, काखेत वही.

मी हात थांबवला नाही. नववीची मान मोडली आणि दहावी उचलली.

"अण्णा तयार होऊन बसलेत," तो म्हणाला. "बगळ्यांकडे जायचंय ना आज."

"येतो. दोन राहिल्यात."

तो पोत्याकडे बघत राहिला. पोतं अजून एका कोपऱ्यात हलत होतं. तालुक्याच्या गावातल्या एका खानावळीत मी ही पाखरं देतो हे त्याला आधी माहीत नव्हतं. चेहरा पार उतरला त्याचा. आवाज मात्र त्याने चढवला नाही. एवढंच म्हणाला, की रविवारच्या आत तू स्वतः अण्णांना सांग, दादा, नाहीतर मला सांगावं लागेल. मी अकरावी मारली, हात पाण्यात बुडवून धुतले आणि त्याच्या मागोमाग घराकडे निघालो.

ही गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो, आशेर वीसचा.

अण्णा म्हणजे आमचे वडील, रेव्हरंड शांतवन अमोलिक, टाकळीच्या चर्चचे पाळक. धरण झालं तेव्हा जुनी टाकळी पाण्याखाली गेली आणि गाव वरच्या माळावर आलं. जुन्या शिवारातली बाभळीची झाडं तशीच पाण्यात उभी राहिली. बुंधे बुडालेले, शेंडे वर. त्या शेंड्यांवर दर पावसाळ्यात बगळ्यांची घरटी व्हायची. इतकी, की लांबून वाटावं झाडांवर कुणी धुणं वाळत घातलंय.

महिन्याच्या पहिल्या रविवारी अण्णा उपदेशाऐवजी पाखरांचा पाठ सांगायचे. ससाणा घिरट्या घालू लागला की कोंबडी पिल्लं पंखाखाली घेते आणि स्वतः उघड्यावर बसून राहते, तो एक पाठ. सुगरणीचं अर्धवट विणलेलं घरटं वाऱ्याने गेलं तरी ती पुन्हा पहिल्या काडीपासून सुरू करते, तो दुसरा. उपाशी संदेष्ट्याला भाकर आणून देणारा कावळा, जो स्वतः कधी पोटभर जेवत नाही. पलीकडच्या वाड्यांतली ख्रिस्ती माणसं पोराबाळांना घेऊन हा पाठ ऐकायला चालत यायची. अण्णांचा आवाज मोठा नव्हता, पण पाखराविषयी बोलू लागले की बाकावरची लेकरं चुळबुळ करायची थांबत.

त्याच्या चार वर्षं आधी त्यांना काचबिंदू झाला होता. उजेड आणि सावली एवढंच राहिलं. तेव्हापासून पाखरं त्यांच्यासाठी मी बघायचो. मी दोनदा मॅट्रिक नापास झालो होतो, धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे मागे साठलेल्या पाण्यावर, मासे धरायचो, माझी पत्र्याची होडी होती. मी त्यांना होडीत बसवून न्यायचो आणि जे दिसेल ते सांगायचो. ते खोदून खोदून विचारत. चोच कुठे लावली, आधी नर आला की मादी, पिल्लाने तोंड उघडलं तेव्हा डोळे मिटलेले होते का. पाखरं कुठे बसतात, कशाला घाबरतात, कधी बेसावध असतात हे मला चांगलं ठाऊक होतं. का ठाऊक होतं, ते मी कधी सांगितलं नव्हतं.

आशेर पुण्याला पाळकपणाचं शिकत होता. सुट्टीत आला की अण्णा सांगायचे आणि तो सुवाच्य अक्षरात लिहून काढायचा. नगरच्या एका छापखान्याने तीस पाठांचं पुस्तक काढायचं कबूल केलं होतं. एकोणतीस लिहून घरी पेटीत ठेवलेले होते. शेवटचा, बगळ्याचा, राहिला होता.

त्या सकाळच्या आदल्या आठवड्यात अण्णांनी प्रस्तावना सांगितली. मी खिडकीबाहेर जाळं सांधत होतो. प्रभूचे आभार मानून झाले, आमच्या वारलेल्या आईचे मानून झाले, आणि मग अण्णा म्हणाले, "माझा मुलगा आशेर, ज्याच्या डोळ्यांनी मी ही पाखरं पाहिली." आशेर लिहिताना थांबला असावा, कारण अण्णांनी ते वाक्य पुन्हा सांगितलं. मी जाळ्याची गाठ मारली ती इतकी घट्ट, की पुढे ती चाकूने कापावी लागली. माझं नाव शेवटपर्यंत आलं नाही.

एवढं मनात घेऊन मी त्या सकाळी वल्हं हातात घेतलं.

ऊन निघालं होतं. अण्णा मधल्या फळीवर पाठ ताठ करून बसले होते, पुढे आशेर वही घेऊन, मागे मी. बाभळींच्या जवळ गेलो तसा वास आला, सडक्या माशांचा आणि विष्ठेचा. कलकलाट एवढा की मोठ्याने बोलावं लागत होतं. एका घरट्यापाशी मी होडी फांदीला टेकवली आणि उभा राहिलो. घरटं माझ्या डोळ्यांच्या उंचीवर होतं.

"किती आहेत?" अण्णांनी विचारलं.

"दोन. एक मोठं, एक लहान."

"काय करतात?"

मी बघत होतो ते असं. मोठ्या पिल्लाने लहान्याचं डोकं चोचीत धरलं होतं आणि ते घरट्याच्या कडेवर आपटत होतं. मग सोडायचं, लहानं मान वर करू बघायचं, की मोठं पुन्हा टोच मारायचं, नेमक्या त्याच जागी. लहान्याच्या डोक्यावरची पिसं गेली होती. कातडी सोललेली, लाल. एक डोळा रक्ताने बंद झाला होता. आवाज येत नव्हता त्याचा. मी जसं दिसलं तसं सांगितलं.

अण्णांनी कलकलाटाकडे तोंड केलं. मग म्हणाले, "आई कुठाय?"

"वरच्या फांदीवर."

"तिचं लक्ष नसेल."

"मान खाली करून बघतेय."

"आणि काय करते?"

"काही नाही. उभी आहे."

अण्णांनी आशेरला लिहू नको म्हणून सांगितलं. मग माझ्याकडे तोंड करून, वर्गातल्या मठ्ठ मुलाला समजावून सांगावं तसं ते बोलू लागले. पिल्लं घासासाठी ओढाताण करतात. लांबून ती मारामारी वाटते. घाईने बघितलं की असंच होतं. बगळीण दिवसभर चिखलात उभी राहून घास आणते, ती काही उगाच आणत नाही.

"घाईने नाही बघितलं," मी म्हणालो. "मारतोय तो त्याला. लहान्याने मान टाकली, अण्णा."

"आशेर, तू बघ."

आशेर उठला, अण्णांना ओलांडून मागे आला, माझ्या खांद्याला धरून तोल सावरला आणि उभा राहिला. क्षणभरच. मग म्हणाला, "आई भरवतेय, अण्णा. दोघांनाही. आधी लहान्याला."

अण्णांच्या कपाळावरची आठी गेली. मी इतक्या जवळून ती जाताना बघितली. "लिही," ते म्हणाले.

तेवढ्यात लहानं पिल्लू घरट्याच्या कडेवरून सुटलं आणि होडीशेजारी पाण्यात पडलं. अण्णांनी विचारलं, काय पडलं. आशेर वही उघडत म्हणाला, "काटकी असेल."

ते पिल्लू माझ्या वल्ह्याच्या पात्यापाशी तरंगत होतं. अजून एक पाय हलत होता.

मी वल्हं उचललं आणि आशेरच्या डोक्यात घातलं. पहिला फटका कानावर आणि खांद्यावर मिळून बसला. तो फळीवर कोसळला आणि त्याने वही छातीशी धरली. अजूनही ती वहीच वाचवत होता. मी पातं आडवं केलं, कड पुढे आणली आणि दुसरा फटका तोंडावर मारला. त्या फटक्याच्या वेळी मी रागाने आंधळा वगैरे नव्हतो. कुठे लागणार ते मला दिसत होतं. त्याच्या डाव्या डोळ्यात पात्याची कड गेली. ओला आवाज झाला. तो उलटा होऊन पाण्यात गेला आणि पाणी लाल झालं.

वरचे सगळे बगळे एकदम उडाले.

अण्णा उठून उभे राहिले होते. "आशेर?" त्यांनी हाक मारली. मग माझं नाव घेतलं. मग पुन्हा आशेरचं. आशेर पाण्यात घुसमटत होता, त्या आवाजाकडे अण्णा चालू लागले. होडी संपली तरी चालत राहिले, आणि पाण्यात पडले.

तिथे पाणी दोन पुरुष खोल होतं. अण्णा तरुणपणी नदीत पोहलेले होते. ते वर आले, हात फिरवत फिरवत त्यांना आधी वही लागली, ती त्यांनी सोडून दिली, मग आशेरची मानगूट लागली. मग बाभळ. काट्यांसकट त्यांनी ती एका हाताने मिठीत घेतली आणि दुसऱ्या हाताने आशेरचं डोकं पाण्याच्या वर धरलं. त्यांच्या पांढऱ्या बाहीवर रक्ताचे ठिपके उमटताना मला दिसले.

हे सगळं बघून मी वल्हं मारायला लागलो आणि तिथून निघालो.

एका झाडाला वळसा, मग दुसऱ्या. तीस-चाळीस वल्ही मारली असतील. कलकलाट मागे पडला. पुढे मोकळं पाणी होतं, पलीकडे दुसऱ्या तालुक्याची हद्द. तिथे मी थांबलो. होडी आपोआप हळूहळू फिरत होती. मग मी ती वळवली आणि परत आलो.

जवळ येत होतो तशी अण्णांनी हाक मारली. "नाथन, इकडे. बाळा, इकडे ये. डावीकडे घे जरा, इथे खाली फांदी आहे."

जेवायला बोलवावं तसा आवाज होता. त्यात भीती नव्हती.

मी वल्हं होडीत खाली ठेवलं. आधी आशेरला ओढून घेतलं, मग अण्णांना. अण्णांच्या दंडापासून मनगटापर्यंत काटे रुतून मोडले होते. आशेरच्या डोळ्याच्या जागेकडे मी बघितलं आणि पुन्हा बघवलं नाही.

काठावर लिंबाजी भोई जाळी वाळवत होता. त्याने हाका मारून माणसं जमवली आणि जीप मिळवली. तालुक्याच्या दवाखान्यात आशेर शुद्धीवर होता. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्यानेच सांगितलं, की होडी झाडावर आदळली, मी तोंडावर पडलो, काटा गेला. लिंबाजीने माझ्याकडे बघितलं.  डॉक्टरांनीही कागदावर तेच लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळा काढावा लागला.

दवाखान्याच्या मागे कडुनिंबाखाली एक सिमेंटचा बाक होता. डोळा काढून झाल्यावर अण्णा तिथे बसले होते, दोन्ही हातांना बँडेज. त्यांनी मला बोलावून शेजारी बसवलं. म्हणाले, "मला दिसलं नाही. आशेर म्हणतो होडी आदळली. तू काय म्हणतोस?"

मी पायाखालची लिंबोळी रगडली.

"काल घरट्यातलं तू सांगितलंस ते मी मानलं नाही. आज तू सांगशील ते मी खरं मानीन. होडी आदळली म्हणालास तर आदळली. पुन्हा विचारणार नाही."

एवढं सोपं होतं. आशेरने आधीच सांगून ठेवलं होतं, डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं, मला फक्त मान हलवायची होती. आणि मान हललेली त्यांना दिसणार नव्हती, म्हणून एक 'हो' म्हणायचं होतं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या शब्दावर सगळं सोडून ते बसले होते. माझ्या तोंडून ते 'हो' निघेना.

मी सांगितलं. दोनदा मारलं. दुसऱ्या वेळी पातं आडवं करून, बघून मारलं. तुम्ही पाण्यात पडलात ते दिसलं तरी निघून गेलो.

"आणि परत कशाला आलास?"

"तुम्हाला काढायला."

अण्णांनी मान डोलावली. मग म्हणाले, "बरं."

त्यांनी डावा हात पुढे केला, बँडेजमधून बाहेर आलेल्या बोटांनी माझा चेहरा चाचपला. कान, गाल, नाक. जागा सापडल्यावर तो हात तिथेच ठेवला आणि उजव्या हाताने मला मारलं. एकदा नाही. बँडेज सुटेपर्यंत मारत राहिले. माझ्या नाकातून रक्त आलं, त्यांच्या हातातूनही आलं. दवाखान्यातली एक आया धावत आली आणि आम्हा दोघांना बघून तशीच मागे फिरली. मी हात वर केला नाही.

दमल्यावर ते थांबले. धापा टाकत म्हणाले, "पाखरं मारतोस ना तू."

"आशेरने सांगितलं?"

"त्याने नाही सांगितलं. तुझ्या हाताला वास येतो रक्ताचा. दोन पावसाळे येतोय."

 मी विचारलं, की माहीत होतं तर बोलला का नाहीत.

"बोललो असतो तर तू होडीवर नेणं बंद केलं असतंस," अण्णा म्हणाले. "मग मला पाखरं कोणी दाखवली असती?"

हे म्हणताना त्यांनी तोंड माझ्याकडे केलं नव्हतं. नंतर पुष्कळ वेळाने, जणू मघाचंच बोलणं पुढे चालू असावं तसं, ते म्हणाले की तू मारलेल्या पाखरांवर मी उपदेश केले आणि लोकांनी मला आशीर्वाद दिले. प्रस्तावनेत तुझं नाव घातलं असतं तर लोकांनी तुला विचारलं असतं, की एवढं कसं रे ठाऊक तुला. मला ते नको होतं.

मग ते उठले आणि त्यांनी माझा दंड धरला. म्हणाले, चौकीवर चल.

दवाखान्यापासून चौकी अर्धा मैल असेल. बाजाराचा दिवस होता. मी त्यांना गाड्यांतून, माणसांतून, गटाराच्या फळीवरून घेऊन गेलो. जिथे खड्डा आला तिथे खड्डा म्हणालो. तोंडावरचं रक्त पुसायला मला सुचलं नाही, म्हणून लोक वळून बघत होते. 

हवालदार अण्णांना ओळखत होता. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटलं. म्हणाला, पाळकसाहेब, घरातली गोष्ट आहे. पोरगा वाचलाय. तोच म्हणतो होडी आदळली. तुम्ही कशाला गावभर करता. अण्णा म्हणाले, लिहून घ्या. हवालदाराने पुन्हा समजावलं. अण्णांनी चहा बाजूला सारला आणि म्हणाले, "मी आयुष्यभर लोकांना चांगलं तेवढं सांगितलं. हे जसं झालं तसं लिहून घ्या."

त्यांनी अंगठा दिला नाही, चाचपडत सही केली. सही ओळीच्या खाली गेली.

ते गेल्यावर हवालदाराने मला आत नेलं. आंधळ्या बापाला पाण्यात सोडून गेलास, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता आणि पट्ट्याने मारत होता. पाठीवरचे वळ दोन महिने राहिले.

खटल्यात आशेरने साक्ष दिली की मला काही आठवत नाही. अण्णांनी जे ऐकलं ते सांगितलं. मी गुन्हा कबूल केला. तीन वर्षं सक्तमजुरी झाली.

पहिल्या वर्षी आशेर आला नाही. अण्णा दोनदा आले, कुणाला तरी बरोबर घेऊन. जाळीपलीकडे बसून हाल विचारायचे. तिसऱ्या वेळी त्यांच्याऐवजी पोस्टकार्ड आलं, की ते गेले. झोपेतच गेले म्हणून लिहिलं होतं. दफनाला मला सोडलं नाही. त्या आठवड्यात बराकीतल्या एकाने माझ्या ताटातली भाकरी उचलली आणि मी त्याचे दोन दात पाडले. त्याबद्दल मला पंधरा दिवस एकटं ठेवलं. तिथे मी पहिल्यांदा रडलो.

त्यानंतर आशेर आला. काळा चष्मा होता. शिक्षण पुरं व्हायचं होतं तरी अण्णांच्या जागी तूर्त त्यालाच टाकळीला नेमलं होतं. आम्ही बराच वेळ गावातल्या माणसांविषयी बोललो. लिंबाजीची मुलगी दिली, चर्चचे पत्रे बदलले. मग मी पुस्तकाचं विचारलं.

पुस्तक निघालंच नाही, तो म्हणाला. मी तुरुंगात गेल्यावर अण्णांनी त्याला वही घेऊन बसवलं आणि तिसावा पाठ सांगितला. घरट्यातलं मी सांगितलं होतं ते, माझ्याच शब्दांत, एकही गाळला नाही. आई उभी होती, तिने बघितलं, काही केलं नाही. खाली एकच ओळ घातली, 'याचा अर्थ मला कळला नाही.' प्रस्तावनेतलं नावही बदलून घेतलं. छापखान्याची माणसं म्हणाली, हा पाठ लेकरांच्या हातात द्यायला नको, काढून टाका, बाकीचे एकोणतीस छापतो. अण्णा म्हणाले, हा नाही तर कुठलाच नाही. आणि गठ्ठा परत आणला.

"रविवारी वाचून दाखवला त्यांनी तो," आशेर म्हणाला. "लोक उठून गेले अर्धे."

मी विचारलं, तुला लिहिताना कसं वाटलं. तू तर दुसरं बघितलं होतंस.

त्याने चष्मा काढला. डाव्या बाजूची पापणी आत ओढल्यासारखी मिटलेली होती.

"दादा, मी घरट्यात बघितलंच नव्हतं त्या दिवशी. उभा राहिलो तेव्हा अण्णांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांना काय ऐकायचंय ते दिसत होतं, ते सांगितलं."

मी जाळीला कपाळ टेकवलं. एवढे दिवस मी धरून चाललो होतो, की त्याने बघितलं आणि तरी खोटं सांगितलं. त्या एका गोष्टीवर मी माझा अर्धा गुन्हा त्याच्या नावावर टाकून ठेवला होता.

मग मीही त्याला सांगितलं. अण्णांना सांगितलं नव्हतं, कोर्टात सांगितलं नव्हतं ते. मी परत आलो ते तुम्हाला काढायला नाही. मोकळ्या पाण्यात थांबलो तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं, की अण्णांना दिसलेलं नाही, पण आशेरला दिसलंय आणि तो जगला तर सांगेल. मी तुला पुरं करायला आलो होतो. अण्णांनी हाक मारली. त्यांना वाटलं मी वाचवायला आलोय. त्या हाकेनंतर माझ्याच्याने ते झालं नाही, एवढंच. मी चांगला झालो नाही तिथे. अण्णा फसले, म्हणून तू वाचलास.

आशेरने चष्मा पुन्हा घातला नाही. हातात फिरवत राहिला.

"अण्णा फसले नव्हते," तो म्हणाला. "मला एका डोळ्याने दिसत होतं. मी त्यांना सांगितलं, दादा परत येतोय, अण्णा, सोडा मला, तुम्ही झाडामागे व्हा. ते म्हणाले, हातात काय आहे त्याच्या? मी म्हणालो, वल्हं. वर उचललेलं."

"मग?"

"मग म्हणाले, तू बोलू नको आता. मला त्याला हाक मारू दे."

शिपायाने वेळ संपल्याचं सांगितलं. आशेर उठला नाही. शिपाई पुन्हा आला, आम्हा दोघांकडे बघितलं आणि दारापाशी जाऊन उभा राहिला.